एकदा वाजवलं की हो

सोमवार, ३

चित्रवाली म्हणाली, "काकू, रोज दोन ओळी लिहून ठेवा. काय खाल्लं, काय केलं, काय समजलं. मला उपयोग होतो." मला दोन ओळींत थांब म्हणणं म्हणजे गळक्या नळाला गप्प बस म्हणण्यासारखं आहे. ही वही तिला दाखवणार नाही. दोन ओळी तोंडी सांगेन.

पहिलं पान वाचून परक्यालाही सगळं कळलं पाहिजे, हा मास्तरांचा नियम, म्हणून लिहिते. मास्तर म्हणजे माझा नवरा. शाळेत इंग्रजी शिकवायचे. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण मी त्यांना मास्तरच म्हणते, आणि त्यांनीही कधी हरकत घेतली नाही. पाच आठवड्यांपूर्वी सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून वस्तरा पडला. उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर बोलणं गेलं. आता तोंडातून नुसता "हं" येतो. चित्रवाली म्हणजे त्यांना बोलतं करायला येणारी मुलगी. मंगळवारी आणि गुरुवारी येते, पिशवीत चित्रांची कार्डं घेऊन. मुलगी गुणी आहे, पण जरा शिष्ट.

आणि मी सातवी पास. कपड्यांच्या दुकानात मापं बदलून द्यायचं काम केलं, आता घरीच मशीन आहे.

मास्तरांचं पुस्तक अर्धवट राहिलंय, ही खरी गोष्ट. रोजच्या कागदांवर जे इंग्रजी शब्द असतात, बिलांवर, फॉर्मवर, औषधांच्या खोक्यांवर, त्यांचे सोपे अर्थ. सहा वर्षं ते शब्द वेचतायत. एका शब्दाला एक कार्ड. वर इंग्रजी शब्द, खाली जाडजूड मराठी प्रतिशब्द, आणि त्याखाली सोपा अर्थ. सोपा झाला की नाही हे ठरवणारी मी. ते वाचून दाखवायचे, मी कपाळाला आठी घातली की कार्ड परत. 'गॅरंटी'चं कार्ड चार वेळा परत पाठवलं होतं. "तू माझी गाळणी आहेस," म्हणायचे. मी म्हणायचे, "गाळणीत चोथा राहतो, तोच माझ्या वाट्याला." अकराशे कार्डं झाली. पी या अक्षरापासून पुढची एकशे बेचाळीस राहिली आहेत. त्यांवर शब्द आहे, जाड प्रतिशब्द आहे, सोपा अर्थ नाही.

आज प्रकाशकांचा फोन आला. "वहिनी, महिनाअखेरीला छापायला घ्यायचंय. मास्तरांना जमणार नसेल तर उरलेले शब्द एका प्राध्यापकांना देतो." मी म्हटलं, "मास्तर करतील." उचलली जीभ लावली टाळ्याला.

मंगळवार, ४

सापडलं! सकाळी चहा पुढे ठेवून विचारलं, "घेणार ना?" तर मास्तरांनी डाव्या हाताच्या बोटाने टेबलावर एकदा वाजवलं. "साखर बरोबर आहे?" पुन्हा एकदा. मी तिथेच नियम करून टाकला. एकदा वाजवलं की हो, दोनदा वाजवलं की नाही. त्यांना नीट समजावून सांगितलं, "कळलं का?" त्यांनी एकदा वाजवलं.

दुपारी खोकं काढलं आणि दोन कार्डं केली. मी जाड शब्द वाचायचा, मला सुचेल तसा अर्थ बोलायचा, त्यांनी पसंत केला की लिहायचा. 'पेंडिंग, प्रलंबित'. मी म्हटलं, गिऱ्हाईक "झालं का?" विचारतं आणि आपण "होतंय" म्हणतो, ते. एकदा वाजलं. इतकं हलकं वाटलं! दगडाखालून हात निघाल्यासारखं.

दोनदा अजून त्यांनी वाजवलेलं नाही. पण नाही म्हणण्यासारखं मी विचारतेच कुठे.

गुरुवार, ६

चित्रवालीने आज मास्तरांपुढे चमचा, कंगवा आणि कुलूप अशी तीन चित्रं मांडली आणि म्हणाली, "बाबा, कंगवा दाखवा." त्यांनी टेबलावर वाजवलं. "कुलूप दाखवा." पुन्हा वाजवलं. तिने कागदावर शून्य लिहिलं. मला वाटलं त्या शून्याचं तिच्या कपाळावर कुंकू लावावं.

म्हटलं, "अगं, ज्या माणसाने पस्तीस वर्षं पोरांना इंग्रजी व्याकरण शिकवलं त्याला कंगवा दाखवा म्हणायचं? उद्या मला कुणी सुई कुठली आणि दोरा कुठला विचारलं तर मीही उत्तर देणार नाही." ती हसली आणि म्हणाली, "काकू, रागावू नका. मला फक्त बघायचं होतं." मग मी तिला वाजवण्याची पद्धत दाखवली. "मास्तर, ही मुलगी चांगली आहे ना?" एकदा. ती लिहीत राहिली.

ती गेल्यावर नऊ कार्डं झाली. 'प्रोव्हिजनल'ला जरा अडले. मग सुचलं.

रविवार, ९

लेकीचा फोन, चेहरा दिसतो तसला. ती दुसऱ्या गावी, नोकरी आणि शाळेत जाणारी दोन मुलं, दर रविवारी अकराला फोन करते. मी फोन मास्तरांच्या तोंडासमोर धरला. "बाबा, मी कोण? मला ओळखलंत?" मास्तर खिडकीकडे बघत होते. मी म्हटलं, "उजेड डोळ्यांवर येतोय त्यांच्या." पडदा ओढला. मग ते पडद्याकडे बघत राहिले.

लेक रडायला लागली. मी फोन स्वयंपाकघरात नेला तर म्हणते, "आई, बाबांना समजत नाहीये. तू स्वतःला फसवतेयस."

"रोज दहा-दहा शब्दांचे अर्थ तपासतात ते. फसवायला मी काय दूधपिती आहे?"

"तू वाचतेस आणि ते वाजवतात. एवढंच ना?"

"मग आणखी काय करायचं? नाचायचं?"

फोन ठेवताना दोघीही चिडलेल्या होतो. जवळ असलं की माणूस दिसतो, लांबून नुसतं चित्र दिसतं. तिला काय सांगायचं? सकाळी मी त्यांची मान पुसते तेव्हा ते डोळे मिटतात, ते फोनवर कसं दाखवू?

सोमवार, १०

पहिली चाळीस कार्डं प्रकाशकांकडे पोचली. संध्याकाळी फोन आला.

"वहिनी, मास्तर शिवणकाम शिकले की काय हल्ली?"

"का हो?"

त्यांनी वाचून दाखवलं. "'प्रोव्हिजनल. कच्चा टाका. घालून बघायचं, बसलं तर पक्कं करायचं, नाहीतर उसवायचं.' आणि हे बघा, 'रिझर्व्ह. शिवणीच्या आत सोडलेली माया. अंग भरलं की उसवून कपडा सैल करता येतो.' वहिनी, आधीच्या अकराशेंत असं काही नव्हतं. फार छान आलंय. आजारपणात माणूस मोकळा होतो म्हणतात, ते खोटं नाही."

मी मास्तरांना जाऊन सांगितलं. म्हटलं, "अडतीस वर्षं माझ्या मशीनची खडखड ऐकलीत, आता कुठे कामाला आली." त्यांनी वाजवलं. मला इतका अभिमान वाटला त्यांचा. आपल्या दुखण्यातही माझ्या धंद्यातले दाखले घ्यावेत असं त्यांना वाटलं. पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

गुरुवार, १३

दवाखाना. डॉक्टर मला "आजी" म्हणतात. त्यांचे स्वतःचे केस पिकलेत, पण असो.

त्यांनी पडद्यावर मास्तरांच्या मानेचं चित्र दाखवलं. डाव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी आतून बरीच बुजलीय. तशीच ठेवली तर दुसरा झटका येऊ शकतो, आणि तो पहिल्याहून वाईट असेल. शस्त्रक्रिया करून ती साफ करता येते. पण करतानाच झटका येण्याची भीतीही असते, शंभरात तिघा-चौघांना येतो, आणि मास्तरांचं हृदय पाहता त्यांना थोडी जास्तच. "करावीच असं मी म्हणणार नाही आणि करू नका असंही म्हणणार नाही. दोन्ही बाजूंनी बोलता येईल. बोलणं परत येण्यासाठी ही नाही, हे आधीच सांगतो. हा निर्णय खरं तर रुग्णाचा असतो. ह्यांना समजतं का?"

मी म्हटलं, "समजतं म्हणजे? पुस्तक लिहितायत ते!"

डॉक्टरांनी चित्रवालीचा अहवाल चाळला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. मी म्हटलं, "तुम्हीच विचारून बघा की, हातच्या कांकणाला आरसा कशाला." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. सगळं पुन्हा हळूहळू मास्तरांना सांगितलं आणि विचारलं, "करू या का शस्त्रक्रिया?" मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि खुर्चीच्या हातावर एकदा वाजवलं. खणखणीत.

डॉक्टर म्हणाले, "ठीक. सत्तावीस तारीख धरतो. चोवीसला या. त्या दिवशी वाचा-उपचारवाल्या बाईंना बोलावतो आणि सगळ्यांसमोर पुन्हा एकदा विचारून फॉर्म भरू."

परत येताना रिक्षात मी मास्तरांचा हात धरून बसले होते. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. घर कुठलं घ्यायचं, लेकीला कुठं शिकवायचं, सगळे मोठे निर्णय मास्तरांचे. पडदे कुठल्या रंगाचे, ते माझे. हा तर सगळ्यात मोठा. तो त्यांनी घेतला, बरं झालं. मला कुणी विचारलं असतं तर मी काय सांगणार होते?

शनिवार, १५

आर संपलं. 'रिस्क' काल केलं. जाड शब्द होता 'जोखीम'. मी लिहिलं, "भारी कापडावर कात्री ठेवल्यावर पोटात गोळा येतो, ते. कापलेलं कापड पुन्हा अखंड होत नाही." मास्तरांनी पसंत केलं.

आज एस. 'स्टँडर्ड साइझ'. मी म्हटलं, "कुणालाच नीट बसत नाही असं माप." वाजवलं! पूर्वीचे मास्तर म्हणाले असते, चेष्टा पुरे, अर्थ सांग. दुखण्याने माणूस मऊ झालाय.

मंगळवार, १८

चित्रवालीने आज भलतंच केलं. मास्तरांच्या समोर बसून अगदी गंभीर तोंडाने विचारलं, "बाबा, तुम्ही बाई आहात का?" मास्तरांनी एकदा वाजवलं.

मला हसू आवरेना. म्हटलं, "बघ, तुझी कशी टोपी उडवली! शाळेतही असेच करायचे. पोरगं मूर्खासारखं काही विचारू लागलं की हो हो म्हणायचे." चित्रवाली हसली नाही. मास्तरही हसले नव्हते म्हणा, पण त्यांचा अर्धा चेहरा हलतच नाही.

जाताना दारात चपला घालत म्हणाली, "काकू, एकदा तुम्ही स्वतः मुद्दाम चुकीचं विचारून बघा. फक्त तुम्हीच. मी नसताना."

माझं डोकंच फिरलं. "मी त्यांची परीक्षा घ्यायची? मी?"

"परीक्षा नाही हो. चोवीसच्या आत कळलेलं बरं, म्हणून."

दार जरा जोरातच लागलं माझ्याकडून. ती अजून जिन्यातच होती. कानामागून आली आणि तिखट झाली. महिनाभर येते आणि मला माझा नवरा शिकवते.

गुरुवार, २०

सोळा उरली. चित्रवाली आली, मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. 'टर्म्स अँड कंडिशन्स' म्हणजे बारीक अक्षरांत छापलेलं, न वाचता हो म्हणायचं असतं ते. मास्तरांना दुपारी बरी झोप लागली. मी एका गाऊनची बाही केली आणि उलटीच लावली. उसवली.

शनिवार, २२

काय लिहू?

शेवटची सहा कार्डं होती, त्यांचे अर्थ मी सकाळीच पेन्सिलीने लिहून ठेवले होते. मला घाई झाली होती. रात्रीपर्यंत कशाला, दुपारीच संपवू आणि मास्तरांना खीर करून घालू, असं मनात होतं. दोन कार्डं माझ्या हातात एकाला एक चिकटून आली आणि मी वरच्याचा शब्द आणि खालच्याचा अर्थ वाचला. "विटनेस, साक्षीदार. पाण्यात घातलं तरी रंग जात नाही आणि आटत नाही असा." तो अर्थ 'वॉशेबल'चा होता. मास्तरांनी एकदा वाजवलं.

मी खूप हसले. म्हटलं, "मास्तर, साक्षीदार असा मिळाला तर काय हवं!" डोळ्यांतून पाणी येईतो हसले आणि पुसून त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांनी पुन्हा एकदा वाजवलं. मी काही विचारलंच नव्हतं.

हसणं कुठे गेलं कळलं नाही. मी खुर्ची जवळ ओढली. त्या पोरीचं ऐकायचं नव्हतं मला. पण विचारलं.

"खिडकी म्हणजे पायात घालतात ती ना?" एकदा.

"आपल्याला सहा मुलगे आहेत." एकदा.

"मास्तर, चेष्टा पुरे. चेष्टा करत असाल तर दोनदा वाजवा." एकदा.

हात जोडले मी. म्हटलं, "एकदाच, माझ्यासाठी दोनदा वाजवा." त्यांनी एकदा वाजवलं आणि माझ्याकडे बघत राहिले. अगदी प्रेमाने बघतात हो ते.

मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी विचारलं, "मी तुमची कुणी नाही ना?"

एकदा.

मी मोरीत गेले, नळ सोडला आणि रडले. बराच वेळ. बाहेर आले तर ते तसेच बसले होते, बोट टेबलावर ठेवून. खीर केली नाही. खिचडीसारखं काहीतरी मऊ करून भरवलं. घास पुढे केला की तोंड उघडतात. "आवडलं का?" हे सवयीने तोंडावर आलं, तर पुढचा घास कालवायला घेतला.

रविवार, २३

सकाळपासून डोक्यात एकच. मागे वळून बघितलं की सगळं दिसतं. कंगवा, पडदा, सगळं. त्यांनी एकशे छत्तीस कार्डं तपासलीच नाहीत. मी थांबायचे, ते वाजवायचे. वाजवलं की मी खूश व्हायचे. मी खूश झालेली त्यांना कळत होती, तेवढंच कळत होतं. माझ्या तोंडाकडे बघून माणूस मला खूश करत होता, आणि मी त्याला अर्थ समजत होते.

अकराला लेकीचा फोन. मी म्हटलं, "तुझं बरोबर होतं." वाटलं आता ऐकवेल. पण म्हणाली, "माझं चुकावं असं वाटत होतं गं." मग आम्ही दोघीही रडलो. ती सव्वीसला येते म्हणाली. शस्त्रक्रियेचं विचारलं तर म्हणाली, "आई, मी इथून काय सांगू? तू रोज बघतेस त्यांना. तू ठरवशील त्यात मी आहे."

तू ठरवशील त्यात मी आहे. सगळे असंच म्हणतात. ठरवण्यात कुणीच नसतं.

सोमवार, २४

डॉक्टरांच्या खोलीत मी, मास्तर आणि चित्रवाली. डॉक्टर मास्तरांना विचारायला पुढे सरकले तेवढ्यात मी म्हटलं, "विचारू नका. ते हो म्हणतील. काहीही विचारा, ते हो म्हणतील." माझा आवाज मलाच परका वाटला.

चित्रवालीने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी मंगळवारी दार आपटलं त्याबद्दल काही म्हणणार होते, पण ती म्हणाली, "काकू, तुमचा सूर त्यांच्यापर्यंत पोचतो. तुम्ही रागावलात की त्यांची छाती धडधडते, मी मोजलंय. शब्द पोचत नाहीत, एवढंच."

एवढंच म्हणे. मास्तरांच्या बाबतीत एवढंच!

मी विचारलं, "पुढे पोचतील?" ती म्हणाली, "थोडे पोचतील. कधी आणि किती, ते मी नाही सांगू शकत." तिने खोटं सांगितलं नाही. आज मी तिला शिष्ट म्हणणार नाही.

डॉक्टर म्हणाले, "मग आजी, आता सही तुमची. त्यांच्या वतीने. ह्यांनी काय पसंत केलं असतं, याचा विचार करा." मी विचारलं, "तुमचे वडील असते तर तुम्ही काय केलं असतं?" ते पेनाशी खेळत म्हणाले, "खरं सांगू? मीही कुणाला तरी हेच विचारलं असतं." फॉर्म घरी न्यायला दिला. उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचा, नाहीतर शस्त्रक्रियेचं टेबल दुसऱ्या रुग्णाला जाईल.

ह्यांनी काय पसंत केलं असतं? दिवसभर तोच भुंगा. एकदा मास्तर म्हणाले होते, मला बोलता येईनासं झालं तर जगण्यात राम नाही. पण ते घसा बसला होता तेव्हा, दोन दिवस शाळा बुडाली म्हणून. एकदा म्हणाले होते, मी नव्वदी गाठणार आणि तुला छळणार. तेही जेवल्यावर, पोट भरलेलं असताना. दोन्हीतलं कुठलं धरू? माणूस अडतीस वर्षं बडबडतो आणि नेमकं हवं ते एकदाही नीट बोलत नाही.

मंगळवार, २५

सकाळी प्रकाशक स्वतःच आले, शेवटची कार्डं न्यायला. मास्तरांच्या गुडघ्याला हात लावला, "काय मास्तर, किल्ला सर केलात!" म्हणाले. मास्तरांनी वाजवलं. प्रकाशक खूश.

झाकली मूठ सव्वा लाखाची, गप्प बसले असते तर चाललं असतं. पण ते वाजवणं मला सहन होईना. म्हटलं, "ह्यांनी काही केलेलं नाही. पीपासून पुढचं सगळं मी लिहिलंय. मला वाटत होतं की ते तपासतायत. मी सातवी पास आहे. तुम्ही प्राध्यापकांना द्या."

ते मास्तरांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. कार्डांचा गठ्ठा पिशवीत घातला आणि म्हणाले, "वहिनी, मी फोनवर जे वाचून दाखवलं, ते मला आवडलं होतं. कुणी लिहिलं ते ठाऊक नव्हतं, तरी आवडलं होतं. मी हेच छापणार. नाव कुणाचं घालू, ते सांगा." मला आणखी एक ठरवायला नको होतं. म्हटलं, "परवानंतर विचारा." परवा सत्तावीस.

चुकीचं काही छापलं गेलं आणि ते वाचून कुणी कुठं सही केली तर? हाही विचार आला. पण तो पुढे न्यायला डोक्यात जागा नव्हती.

दुपारी मास्तरांना खुर्चीत बसवलं आणि फॉर्म घेऊन शेजारी बसले. तीन पानं, सगळी इंग्रजी. बरेचसे शब्द ओळखीचे निघाले, मास्तरांच्याच कार्डांतले, आणि काही माझ्या. जिथे अडलं तिथे त्यांच्या जुन्या कार्डांचं खोकं, प्रकाशकांनी नकलून परत दिलेलं, उघडून बघितलं. 'कन्सेन्ट'चं कार्ड त्यांच्या अक्षरात होतं. "संमती. नीट समजावून सांगितल्यावर, कुणाची भीड न धरता दिलेला होकार." मी त्या वेळी आठी घातली नव्हती, म्हणजे मला समजलं होतं.

एकेक ओळ मोठ्याने वाचली आणि तिचा अर्थ त्यांना सांगितला. गुंगीचं औषध कसं देतात, मान कुठे उघडतात, काय बिघडू शकतं, सगळं. सोप्यात सोपं करून. हो-नाही विचारलं नाही. आवाज एका पातळीत ठेवला, शेवटी चढू दिला नाही. ज्याच्या मानेवर सुरी चालणार त्याला न सांगता कसं चालेल, म्हणून सांगितलं. ते ऐकत होते. म्हणजे, माझ्याकडे बघत होते.

मग फॉर्म मांडीवर ठेवला. चारला लोक चहाला उठतात, तसं शेजारच्या घरांतून भांड्यांचे आवाज यायला लागले. केली नाही तर मी रोज सकाळी उठून आधी त्यांचा श्वास बघणार, आजच तर नाही ना, आजच तर नाही ना. केली आणि टेबलावरच काही झालं तर ते मी केलं. मी जे काय करणार ते माझ्या भीतीने, त्यांच्या इच्छेने नाही, हे मला कळत होतं. त्यांची इच्छा शोधून शोधून मी दमले. शेवटी मला ते हवे आहेत, एवढंच हाताला लागलं. बोलणारे नाहीत तर नाहीत.

सही केली. नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात 'पत्नी' लिहिलं, अक्षर वाकडं आलं. अडतीस वर्षांत मास्तरांना दाखवल्याशिवाय मी एकाही कागदावर सही केलेली नाही. हातांना तीच सवय. मी फॉर्म त्यांच्यापुढे धरला आणि "बरोबर केलं ना?" हे अगदी ओठांवर आलं. ओठ दाबून धरले. चुकलं असेल तर सांगू शकेल असा एकच माणूस मला होता, आणि तो शेजारी बसून माझ्या तोंडाकडे बघत होता.